चर्चचा ‘संवाद’ आणि आपला धम्म : ख्रिस्ती धर्म इतर धर्मांकडे कसा पाहतो?

वैशाख पौर्णिमा जवळ आली की व्हॅटिकनमधून जगभरातील बौद्धांना शुभेच्छा संदेश येतो. १९९० च्या दशकापासून ही प्रथा सुरू आहे. संदेश आला की आपल्या समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना वाटते, चर्चने तथागतांची थोरवी मान्य केली. काहींना वाटते, हा धर्मांतराचा नवा डाव आहे. आमच्या मते दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. ख्रिस्ती धर्म इतर धर्मांकडे नेमका कसा पाहतो आणि त्यात बौद्ध धम्माचे स्थान काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातील बौद्धांना तर ते अधिकच गरजेचे आहे, कारण आपल्या अनेक वस्त्यांत विहार आणि प्रार्थनासभा एकाच गल्लीत आहेत.

तीन भूमिका

ख्रिस्ती धर्म म्हणजे एकच संघटना नव्हे. रोमन कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, पेंटेकोस्टल असे त्यात अनेक पंथ आहेत. पण इतर धर्मांविषयीची त्यांची मते ढोबळमानाने तीन गटांत बसतात.

पहिली भूमिका अशी, की ख्रिस्तावाचून तारण नाही. इतर धर्म माणसाला तारू शकत नाहीत. तिसऱ्या शतकातील बिशप सिप्रियन यांनी ‘चर्चबाहेर तारण नाही’ अशा अर्थाचा विचार मांडला आणि तो पुढे शतकानुशतके प्रमाण मानला गेला. दुसरी भूमिका अशी, की तारण ख्रिस्तामुळेच होते, पण त्याची कृपा इतर धर्मांतील सज्जनांपर्यंतही पोहोचू शकते. विसाव्या शतकातील जर्मन धर्मशास्त्रज्ञ कार्ल राहनर अशा लोकांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हणत. तिसरी भूमिका अशी, की सर्व मोठे धर्म हे अंतिम सत्याकडे जाण्याचे स्वतंत्र मार्ग आहेत. ब्रिटिश विचारवंत जॉन हिक यांनी ती मांडली, पण बहुतेक चर्चनी ती स्वीकारलेली नाही.

यातील दुसरी भूमिका ऐकायला उदार वाटते. पण एखाद्या शीलवान उपासकाला ‘तू नकळत ख्रिस्तीच आहेस’ असे म्हटले, तर तो सन्मान ठरतो की त्याची ओळख पुसणे ठरते, हा प्रश्न उरतोच.

जुन्या भेटी : जपान आणि श्रीलंका

ज्यांचे शव आज जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चमध्ये आहे, ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले. देवासाठी जपानी शब्द कोणता वापरावा, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. दुभाष्याच्या सल्ल्याने त्यांनी ‘दाइनिची’ हा शब्द निवडला. तिथल्या शिंगोन पंथाच्या बौद्ध भिक्खूंनी त्यांचे स्वागतच केले. कारण दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध! पाहुणे आपलाच उपदेश करीत आहेत, असे भिक्खूंना वाटले. चूक ध्यानात येताच झेवियर यांनी तो शब्द टाकला आणि लॅटिनमधील ‘देउस’ वापरायला सुरुवात केली. वरवरच्या साम्यावर उभा राहिलेला स्नेह खरी चर्चा सुरू होताच तुटला.

श्रीलंकेत मात्र थेट सामना झाला. ब्रिटिश काळात मिशनऱ्यांच्या हाती शाळा होत्या, छापखाने होते आणि बौद्ध धम्मावर टीका करणाऱ्या पत्रिका ते गावोगाव वाटत. त्याला उत्तर म्हणून २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ रोजी पानदुरा येथे हजारो लोकांसमोर जाहीर वादविवाद झाला. बौद्धांच्या बाजूने भिक्खू मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर होते, तर ख्रिस्ती बाजूने प्रामुख्याने रेव्हरंड डेव्हिड डी सिल्वा. आत्मा नाही तर कर्माचे फळ भोगतो कोण, हा डी सिल्वा यांचा मुख्य आक्षेप होता. गुणानंदांनी त्याला उत्तर दिले आणि उलट बायबलमधील ईश्वराच्या कल्पनेवर प्रश्न विचारले. लोकांनी गुणानंदांचा जयजयकार केला.

या वादाचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकेत कर्नल हेन्री ऑल्कॉट यांच्या वाचनात आला आणि १८८० मध्ये ते श्रीलंकेत आले. त्यांच्या सहवासात घडलेल्या अनागारिक धर्मपालांनी १८९१ मध्ये महाबोधी सोसायटी स्थापन केली. बुद्धगया मुक्तीच्या लढ्याची मुळे इथपर्यंत जातात. मिशनऱ्यांच्या टीकेनेच आशियातील बौद्धांना आपले ग्रंथ नव्याने वाचायला, शाळा काढायला आणि संघटित व्हायला भाग पाडले.

१९६५ चा बदल आणि त्याची मर्यादा

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती स्वतंत्र झाल्या आणि चर्चलाही आपली भाषा बदलावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झाला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. बौद्ध धम्माचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. हे बदलते जग अपुरे आहे हे बौद्ध धम्म ओळखतो आणि मुक्तीचा मार्ग शिकवतो, असा त्याचा आशय आहे. शतकानुशतके ‘मूर्तिपूजक’ म्हणून हिणवल्या गेलेल्या धर्मांबद्दल ही भाषा नक्कीच नवी होती.

पण याच परिच्छेदात ख्रिस्ताची घोषणा करणे हे चर्चचे अखंड कर्तव्य असल्याचेही म्हटले आहे. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, याच परिषदेने ‘आद जेंतेस’ हा दस्तऐवज काढून चर्च स्वभावतःच मिशनरी असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे संवाद आणि धर्मप्रसार या दोन्ही गोष्टी चर्चने लपवून नव्हे, तर जाहीरपणे एकत्र ठेवल्या आहेत. संवादाच्या व्यासपीठावर बसताना आपण हे माहीत करून बसावे.

प्रोटेस्टंट चर्चमध्येही असाच बदल झाला. जागतिक चर्च परिषदेने १९७१ मध्ये इतर धर्मीयांशी संवादासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि त्याचे पहिले प्रमुख स्टॅन्ली समर्था हे भारतीय होते. मात्र आपल्या वस्त्यांत प्रार्थनेने आजार बरे होतात असे सांगत येणारे अनेक स्वतंत्र गट ना व्हॅटिकनला मानतात, ना या परिषदेला. त्यांच्या कामावरून सर्व ख्रिस्ती समाजाला पारखू नये आणि व्हॅटिकनच्या संदेशावरून त्यांनाही पारखू नये.

बहिष्कार ते विहारभेट

१९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचे एक पुस्तक आले. त्यात बौद्ध धम्माला बहुतांशी निरीश्वरवादी आणि जगाकडे नकारात्मकतेने पाहणारा ठरवले होते. निर्वाण म्हणजे जगाविषयीची उदासीनता, असा त्याचा सूर होता. जानेवारी १९९५ मध्ये गोव्यात जन्मलेले धर्मगुरू जोसेफ वाझ यांना धन्य घोषित करण्यासाठी पोप कोलंबोला आले, तेव्हा श्रीलंकेतील प्रमुख बौद्ध भिक्खूंनी त्यांच्यासोबतच्या आंतरधर्मीय सभेवर बहिष्कार टाकला.

वीस वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, त्याच वाझ यांना संतपद देण्यासाठी पोप फ्रान्सिस आले. ते कोलंबोतील महाबोधी सोसायटीच्या विहारात गेले आणि सारिपुत्त व महामोग्गलान यांच्या धातूंचे त्यांनी दर्शन घेतले. भिक्खूंनी शांतपणे पण ठामपणे नोंदवलेला निषेध व्हॅटिकनपर्यंत पोहोचला होता. आदर मागावा लागतो, आणि तो मागण्यासाठी आपला धम्म काय सांगतो हे आधी माहीत असावे लागते.

बाबासाहेबांची कसोटी

१९३५ च्या येवला येथील घोषणेनंतर इतर धर्मांच्या नेत्यांप्रमाणे ख्रिस्ती मिशनरीही बाबासाहेबांना भेटले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा बारकाईने अभ्यास केला आणि अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर सविस्तर लिहिले. शिक्षण आणि आरोग्याच्या क्षेत्रातील मिशनऱ्यांचे काम त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण चर्चमध्ये जात टिकून राहिली आणि माणसाच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधल्याने समाजव्यवस्थेचा अन्याय नजरेआड होतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

१९५० मधील आपल्या प्रसिद्ध लेखात त्यांनी धर्मसंस्थापकांची तुलना केली. येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले. बुद्धांनी स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही. ते मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. ख्रिस्ती धर्माशी आपला मूळ फरक इथे आहे. करुणा, सेवा, अहिंसा यांवर आपले एकमत होऊ शकते. तारणहाराच्या प्रश्नावर होऊ शकत नाही.

मग आपण काय करावे?

एक, कोणी ख्रिस्ती झाला म्हणून त्याच्यावर तुटून पडू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण स्वतः धर्मांतराचा हक्क बजावला आहे. संविधानाच्या कलम २५ ने दिलेले स्वातंत्र्य आपल्यासाठी वेगळे आणि शेजाऱ्यासाठी वेगळे असू शकत नाही.

दोन, नाते विसरू नये. अहमदनगर भागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज आणि आपले पूर्वज एकाच गावकुसाबाहेर राहत होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यासाठी १९९० उजाडावे लागले. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? या प्रश्नावर त्यांच्याशी बोलणे हाही संवादच आहे.

तीन, आपले विहार रिकामे ठेवू नयेत. आजारपणात, बेकारीत, दारूने घर उद्ध्वस्त होत असताना ज्याच्या दारी कोणीतरी येऊन बसते, तो त्याचे ऐकतो. ते काम प्रार्थनासभेने केले आणि आपण फक्त जयंतीला एकत्र आलो, तर दोष प्रार्थनासभेला देता येणार नाही.

वैशाखी शुभेच्छा कोणाच्याही असोत, त्या आनंदाने स्वीकाराव्यात. आणि कोणी ‘सर्व धर्म एकच’ म्हणाले, तर आपला मार्ग कुठे वेगळा आहे, हे मैत्रीभावाने पण स्पष्टपणे सांगता यावे, एवढा धम्माचा अभ्यास प्रत्येक घरात व्हावा.

नमो बुद्धाय, जय भीम!