सहा खुंट्यांचा प्रश्न

आमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी, बारावीचा निकाल लागल्यावर, आजीने दिलेल्या पैशांत स्वतःची थोडी भर घालून नागपूरहून साडेचार हजारांची गिटार आणली. तो पांढुर्ण्याला असतो, आम्ही सौंसरला. २०२३च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले, म्हणजे आता आम्ही काका-पुतणे एकाच जिल्ह्याचे रहिवासी. वाद्यासाठी मात्र दोघांनाही अजून नागपूरच गाठावे लागते. हा मुलूख राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनाचा. आमच्या घरात पेटी, खंजेरी आणि वडिलांचा तंबोरा एवढीच वाद्ये नांदली होती. त्यांत ही परदेशी पाहुणी आली, तेव्हा आमच्या कपाळावर एखादी आठी पडली असेल. नाही म्हणत नाही. पण पंडित ब्रिजभूषण काब्रांनी हीच गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजविले, आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर व बासरीच्या मांडीला मांडी लावून बसली, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही मुकाट्याने आठी आवरली.

गेल्या गणेशोत्सवात मोहल्ल्याच्या मंडपात पोराने दोन गाणी बसविली होती. पहिले कसेबसे पार पडले. दुसऱ्याच्या मध्यावर तारा अशा उतरल्या की गाणारी मुलगी थांबली, पुढच्या रांगेतली पोरे हसली, आणि हा खाली उतरला. त्या रात्री गिटार पिशवीत गेली ती दिवाळीपर्यंत बाहेर आली नाही. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा तो म्हणाला, “मोठे बाबा, याच्या खुंट्याच भंगार आहेत. चांगल्या बसवून घेतो, मग पाहा.” कोणत्या, हेही त्याने ठरविले होते. त्या परदेशी संचाची किंमत गिटारीच्या किमतीच्या जवळ जात होती, आणि तो बसविण्यासाठी गिटारीच्या माथ्याला नवी भोके पाडावी लागणार होती.

भोके हा शब्द ऐकला आणि आम्ही ताडकन “नाही” म्हणालो. त्या नकाराला इतिहास आहे.

वडिलांनी १९६२ साली मिरजेहून तंबोरा आणला होता. मिरजेचे नाव या कामात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे, फरीदसाहेब सतारमेकरांच्या काळापासूनचे. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर लाकडी दांडी, आणि चार तारांना चार लाकडी खुंट्या. या खुंटीत यंत्र म्हणून काहीच नसते. निमुळती खुंटी निमुळत्या भोकात दाबून बसविलेली; लाकडाला लाकूड घट्ट धरते, एवढ्यावर सारा भरवसा. खुंटी एक फेरा फिरली की तारेचाही एकच वेढा पडतो, म्हणून केसभर स्वर हवा असेल तर गवयाची बोटे घोडीजवळच्या मण्याकडे वळतात. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी जाम होई, वैशाखाच्या कोरड्या झळांत ती आपोआप सुटे. वडील तिला खडू चोळीत. (शिक्षकाच्या घरी खडूची वाण नसते.) १९८४च्या पावसाळ्यात मात्र ते या कटकटीला कंटाळले आणि कुणाच्या तरी सल्ल्याने दुसऱ्या गावच्या एका कारागिराकडून गिटारीच्या लोखंडी चाव्या बसवून घेतल्या. अशा चाव्यांचे तंबोरे नसतात असे नव्हे. पण ते घडवितानाच तसे घडविलेले असतात. इथे जुनी भोके बुजवून शेजारी नवी पाडली गेली. हिवाळा सरता सरता माथ्याला चीर गेली, आणि तंबोरा खोळीत गेला. वडील पुढे पेटीच्या सुरावर गायले.

तेव्हा आमचा “नाही” विचारपूर्वक नव्हता, धास्तीचा होता. पुतण्याने तो ओळखला. “तुम्ही पाहिलं तरी का, काय बिघडलंय ते?” असे त्याने विचारले, आणि मुख्याध्यापकाला हा प्रश्न विद्यार्थ्याकडून ऐकावा लागणे बरे नव्हे. आम्ही चष्मा काढला, पुसला आणि गिटार मागितली.

गिटारीची खुंटी तंबोऱ्याच्या खुंटीहून निराळ्या जातीची. आपण बाहेरची चावी फिरवितो तेव्हा आत एक मळसूत्र फिरते. ते एका दातेरी चाकाला ढकलते आणि चाकासह तार गुंडाळणारा खांब वळतो. पुष्कळ गिटारींत चावीचे चौदा फेरे झाले की खांबाचा एक फेरा होतो, काहींत अठरा झाल्यावर. म्हणून स्वर केसाकेसाने चढविता येतो. दुसरा गुण याहून मोलाचा. मळसूत्र चाकाला फिरविते, पण चाक मळसूत्राला उलट फिरवू शकत नाही. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो; तो सारा खांबावर येऊनही चावी आपली जागा सोडीत नाही. स्वस्त चावी खडखडते, जड फिरते, तिच्या दात्यांत ढिलाई असते. पण दाते शाबूत असतील तर ती तार धरून ठेवते. मग तारा उतरतात कशाने?

हे पाहण्याचा उपाय फुकटचा आहे. तारा स्वरात लावल्या, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर व शेजारच्या लाकडावर मिळून पेन्सिलीची एक सरळ रेघ ओढली. मग पोराला सांगितले, आता अर्धा तास मनसोक्त वाजव. अर्ध्या तासाने चार तारा उतरलेल्या होत्या. पण त्यांपैकी दोन खांबांवरच्या रेघा जशाच्या तशा जुळलेल्या! म्हणजे तिथे खुंटी हललीच नव्हती. तिथे परदेशी चावी बसविली असती तरी तार उतरलीच असती.

त्या दोन तारांचा दोष दोन ठिकाणी सापडला. एक तार आठ-नऊ सैल वेढे घालून एकावर एक गुंडाळलेली होती. वाजविताना वेढे आवळत जात आणि तार सैल होई. ती काढून दोन-तीन नीट वेढ्यांनी पुन्हा चढविली. दुसरी तार दांडीच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते, जिला हे लोक नट म्हणतात, तिच्यात अडकत होती. चावी फिरविली की काही क्षण काहीच होत नसे, आणि मग ‘टिण्’ असा आवाज येऊन स्वर उडी मारीत असे. खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासले, तार सरकू लागली. नवी तार पहिल्या दिवशी ताणली जातेच, तिला हाताने हलके ओढून पुन्हा स्वरात आणावे लागते, हेही मंडपात चढण्याच्या दिवशीच तारा बदलणाऱ्या आमच्या चिरंजीवांना ठाऊक नव्हते. शिवाय तो चढा स्वर खाली आणताना चावी उलट फिरवून तिथेच थांबत असे. दात्यांतली ढिलाई मग तारेच्या बाजूला राहते. आधी थोडे खाली जावे आणि खालून वर चढत स्वर गाठावा.

राहिल्या दोन. त्यांच्या रेघा खरोखरच सरकलेल्या होत्या. एका चाकाचा बारीक स्क्रू सैल होता; चष्म्याच्या पेचकसाने तो आवळला आणि ती खुंटी शहाणी झाली. दुसरीचे दाते मात्र झिजून सपाट झालेले; चाक मळसूत्रावरून सरळ घसरत होते. ही खुंटी भंगार होती, आणि पोराचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते. आम्ही ते त्याच्या तोंडावर कबूल केले.

स्वस्त गिटारीत तीन-तीन चाव्या एकाच पट्टीवर जोडलेल्या असतात, त्यामुळे एकच बदलणे जमेना. मग आम्ही फूटपट्टी घेऊन एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे आणि स्क्रूच्या भोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये उतरवून घेतले, खांबाची जाडी मोजली, आणि तो कागद घेऊन पुतण्या नागपूरला गेला. तिसऱ्या दुकानात त्याच मापाचा साधा संच काही शेकड्यांत मिळाला. एकही नवे भोक न पाडता, जुन्याच स्क्रूंच्या जागी तो बसला. जुनी धड पट्टी त्याने डब्यात जपून ठेवली आहे.

महाग संच हवाच कशाला, असे आम्ही म्हणणार नाही. उत्तम लाकडाच्या, पुढे वीस वर्षे वाजणाऱ्या गिटारीला तो जरूर बसवावा. हात सुखावतो, स्वर पटकन सापडतो. पण साडेचार हजारांच्या गिटारीचा आवाज त्याने बदलत नाही, आणि तेवढे पैसे चांगल्या तारांत व ती नटाची पट्टी जाणत्या हाताकडून नीट करून घेण्यात घातले तर कानाला फरक कळतो. पोराने हिशेब मांडला आणि नाराजीने का होईना, मान्य केला.

पौषात एके दिवशी तो सौंसरला आला असता खोळीतून तंबोरा काढून त्याच्या माथ्यावरची चीर बराच वेळ पाहत बसला होता. “यात खिळा नाही मारला कुणी, मोठे बाबा. फोटो मिरजेला पाठवून विचारू का?” आम्ही हो म्हटले. परदेशी संचाचे वाचलेले पैसे पुढच्या गिटारीसाठी ठेवले आहेत, असे तो सांगतो. आजीने ते मोजून आपल्या कपाटात ठेवले आहेत.