नांदते नगर

एखादे नगर चांगले आहे, असे केव्हा म्हणावे? परगावाहून आलेला पाहुणा उंच इमारती, रुंद रस्ते आणि गजबजलेल्या पेठा पाहून चकित होतो व त्या नगराची वाखाणणी करतो. परंतु पाहुणा चार दिवसांनी परत जातो. ज्याला तेथेच जन्म काढावयाचा असतो, त्याची कसोटी निराळी असते. सकाळी स्वच्छ पाणी मिळते काय, कष्ट केले असता पोट भरते काय, मुलाबाळांना विद्या मिळते काय, दिवसभर श्रमल्यावर घटकाभर मन रमविण्यास जागा आहे काय, आणि संकट ओढवले असता शेजारी धावून येतो काय, हे त्याचे प्रश्न असतात. या सर्वांहून मोठा असा आणखी एक प्रश्न आहे. या गोष्टी काहींनाच मिळतात, की सर्वांना? कोल्हापूर नगराचा इतिहास पाहिला, म्हणजे या प्रश्नांची उत्तरे एका नगराने कशी शोधली, हे चांगले ध्यानात येते.

कोल्हापूर हे पंचगंगेच्या काठी वसलेले प्राचीन नगर होय. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या एकत्र मिळून पंचगंगा बनते. पाचवी सरस्वती गुप्त रूपाने त्यांस मिळते, अशी लोकांची श्रद्धा आहे. महालक्ष्मीच्या मंदिराभोवती जुनी वस्ती वाढत गेली. जवळच रंकाळा तलावाचे विस्तीर्ण पाणी आहे. नदीकाठची जमीन काळी व कसदार आहे. निसर्गाने येथे हात आखडता घेतला नाही, हे खरे. परंतु निसर्ग केवळ जागा देतो. तिचे नगर बनविणे हे माणसाचे काम आहे.

नगराची पहिली गरज पाण्याची. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी उन्हाळ्यात रोडावते. मग पिके करपतात आणि घागरी रिकाम्या राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर एकामागून एक दुष्काळ कोसळले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेतला होता. दुष्काळात धान्य वाटले तर त्या वर्षापुरती भूक भागते. दुष्काळाचे मूळ मात्र तसेच राहते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी भोगावती नदीवर राधानगरी येथे मोठे धरण बांधण्याचे ठरविले आणि १९०९ च्या सुमारास ते काम सुरू झाले. संस्थान लहान, काम मोठे आणि खर्च अफाट! मध्येच पैशाअभावी बांधकाम थांबवावे लागले. महाराज १९२२ साली निवर्तले. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. ज्या वृक्षाची फळे आपणांस चाखावयास मिळणार नाहीत, तो लावण्याचे मोठेपण ज्या नगराच्या धुरीणांपाशी असते, ते नगर भाग्याचे समजावे.

धरणात साठविलेले पाणी उन्हाळ्यात नदीत सोडतात. ते वाहून जाऊ नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी बंधारे घातलेले असतात. या बंधाऱ्यांची रचना मोठी चतुर आहे. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे करतात. त्या खांबांना खाचा ठेवलेल्या असतात. पावसाळा संपला, की त्या खाचांत एकावर एक फळ्या बसवितात. त्यांना बरगे असे म्हणतात. बरगे बसविले, की पाणी अडते व आसपासच्या शेतांना मिळते. पुढील पावसाळा तोंडावर आला, की बरगे काढून घेतात. त्यामुळे पुराचे पाणी खांबांमधून मोकळेपणी निघून जाते आणि त्याबरोबर गाळही वाहून जातो. ही रचना इतकी सोयीची ठरली, की पुढे सर्व महाराष्ट्रात तिचे अनुकरण झाले. तिला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' असेच नाव पडले आहे.

पाण्यामागोमाग पीक आणि पिकामागोमाग व्यापार येतो. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली. तेव्हा माल देशोदेशी पाठविण्याची सोय झाली. हे पाहून १८९५ साली स्टेशनाजवळ शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविण्यात आली. नदीकाठच्या शिवारात ऊस पिके. तो गुऱ्हाळात गाळून त्याचा रस मोठ्या काहिलीत आटवीत. अशा रीतीने तयार झालेला गूळ गाड्या भरभरून शाहूपुरीत येऊ लागला आणि कोल्हापुरी गुळाचे नाव सर्वदूर पोहोचले. १९०६ साली कापड गिरणीची पायाभरणी झाली. कातडे कमावणारे व वहाणा शिवणारे कारागीर तर पिढ्यानुपिढ्या येथे काम करीत आले होते. शेतकरी, अडते, हमाल, गाडीवान, विणकर, चर्मकार या सर्वांच्या हातांना काम मिळाले, म्हणजे नगराच्या अंगी बळ येते. एकाच धंद्यावर विसंबणारे नगर त्या धंद्याबरोबर बुडते. अनेक धंद्यांचे नगर तरून जाते.

परंतु पोट भरले म्हणजे सर्व काही झाले, असे नव्हे. त्या काळी खेड्यातील हुशार मुलापुढे एक मोठी अडचण असे. शाळा नगरात; घर दूर खेड्यात. नगरात कोणी ओळखीचे नसे. राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे? या एका अडचणीपायी कित्येक मुलांची बुद्धी गुरांमागे हिंडण्यात वाया जात असे. यावर शाहू महाराजांनी वसतिगृहांचा उपाय योजिला. १९०१ साली पहिले मराठा वसतिगृह निघाले. त्या काळी निरनिराळ्या जातींचे लोक एका पंक्तीस जेवत नसत. म्हणून पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशा विविध समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे निघत गेली. ज्यांना समाज अस्पृश्य मानीत असे, त्यांच्या मुलांसाठीही १९०८ साली वसतिगृह सुरू झाले. म्हणूनच कोल्हापुरास 'विद्यार्थी वसतिगृहांची जननी' असे म्हणतात. १९१७ साली तर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविण्यात आला. एक रुपया ही त्या काळी लहान रक्कम नव्हती!

विद्येइतकीच माणसाला आनंदाची गरज असते. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले असता रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. त्यावरून त्यांनी कुस्त्यांसाठी खासबाग मैदान बांधविले. १९१२ साली ते खुले झाले. मध्ये खोलगट आखाडा आणि सभोवार चढत गेलेल्या बैठका अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अगदी मागे बसलेल्या माणसालाही कुस्तीचा प्रत्येक डाव स्पष्ट दिसतो. मैदानाला लागूनच १९१५ साली नाट्यगृह उभे राहिले. पुढे त्याला थोर गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय तर याहून जुने. त्याची स्थापना १८५० सालची. तालीम, रंगभूमी आणि ग्रंथालय ही तीन ठिकाणे ज्या नगरात जवळजवळ नांदतात, तेथे शरीर, मन आणि बुद्धी या तिघांचेही पोषण होते.

येथवर पाहता सर्व काही गोमटे वाटते. पण खरी कसोटी अजून पुढेच आहे.

शाहू महाराजांच्या वाड्यात गंगाराम कांबळे नावाचे एक सेवक होते. एके दिवशी त्यांनी वरच्या मानल्या गेलेल्या जातीच्या नोकरांसाठी राखून ठेवलेल्या हौदाचे पाणी घेतले. अस्पृश्य मानलेल्या माणसाने हौद बाटविला, म्हणून इतर नोकरांनी त्यांना निर्दयपणे मारले. महाराज त्या वेळी परगावी होते. ज्या राजाने तहानलेल्या जमिनीसाठी नदी अडविण्याचा उद्योग मांडला, त्याच्याच वाड्यात एका माणसाला घोटभर पाण्यासाठी मार खावा लागला!

महाराज परत आल्यावर गंगाराम यांनी आपले दुःख त्यांच्या कानी घातले. महाराज अतिशय संतापले व त्यांनी अपराध्यांना शासन केले. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगाराम यांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले आणि त्यासाठी साहाय्य दिले. गंगाराम यांनी नगरातील भर रस्त्यावर चहाचे दुकान काढले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता; पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास लोक पुढे येईनात. तेव्हा महाराज फेरफटक्यास निघाले, की आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवीत, गंगाराम यांना मोठ्याने हाक मारून चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. राजाने घेतलेल्या चहाला नाही कोण म्हणणार? हळूहळू लोकांची भीड चेपली.

१९१९ साली महाराजांनी हुकूम काढले, की सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा व सरकारी इमारती येथे कोणासही अस्पृश्य म्हणून दूर ठेवू नये. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करण्यात आल्या आणि त्या मुलांना इतर मुलांबरोबर एकाच शाळेत बसविण्यात आले. हुकूम निघाला, की त्याच दिवशी सर्वांची मने पालटतात, असे मात्र नाही. त्याला पुष्कळ काळ लागतो आणि ते काम अद्यापही संपलेले नाही. तथापि या घटनेने एक गोष्ट स्पष्ट केली. हौद कितीही मोठा असला, तरी त्याच्या काठावरून एका जरी माणसाला हाकलले जात असेल, तर त्या नगरात पाण्याची सोय आहे, असे म्हणता येत नाही.

पूर्वजांनी चांगले नगर घडवून ठेवले, म्हणून ते आपोआप चांगले राहते, असेही नव्हे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी मोजतात. ती ३९ फुटांवर गेली, की इशारा मिळतो. ४३ फूट ही धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. नगराच्या कित्येक भागांत घरे बुडाली, महामार्ग बंद पडला आणि दूध व इंधन मिळेनासे झाले. २०२१ साली पुन्हा तसाच महापूर आला. पाऊस अतोनात पडला, हे या आपत्तीचे मोठे कारण. पण नदीने पुराच्या वेळी पसरावयाच्या जागेवर माणसाने घरे बांधली, भराव घातले, हेही तिला तितकेच कारण झाले. एरवी ज्या नदीच्या पाण्यावर नगर जगते, त्याच नदीत नगराचे सांडपाणी मिसळत आले आहे, ही गोष्ट तर अधिकच खेदाची आहे.

परंतु त्याच महापुरात नगराचे दुसरे रूपही दिसले. तरुणांनी नावांतून वृद्धांना व मुलांना बाहेर काढले. शाळा आणि मंगल कार्यालये पूरग्रस्तांसाठी खुली झाली. जेथे पाणी नव्हते, तेथील घराघरांतून भाकरी भाजून पुरात अडकलेल्यांकडे धाडण्यात आल्या. ती भाकरी कोणत्या जातीच्या घरची, हे विचारण्यास त्या वेळी कोणास सवड नव्हती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागून ते भस्मसात झाले, तेव्हा आबालवृद्ध हळहळले. आपल्या घरचेच काही जळाले, असे त्यांना वाटले. त्या नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. सार्वजनिक वास्तूविषयी अशी आपलेपणाची भावना नागरिकांच्या ठायी असणे, ही नगराची खरी संपत्ती होय.

बंधाऱ्याचे बरगे दरवर्षी बसवावे लागतात आणि दरवर्षी काढावे लागतात. एक वर्ष आळस केला, तर पाणी तरी निघून जाते, नाही तर पूर तरी अंगावर येतो. नगराचेही तसेच आहे. तेथील चांगुलपणा प्रत्येक पिढीला नव्याने जतन करावा लागतो. गणेशोत्सवात निर्माल्य नदीत न टाकता निराळे जमा करणारा मुलगा, ग्रंथालयातील पुस्तक जपून वाचून वेळेवर परत करणारी मुलगी, शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी मागे उभ्या राहिलेल्या सोबत्याला पुढे बोलावून घेणारा विद्यार्थी, ही सर्व आपापल्या परीने नगर घडवीतच असतात. नगर केवळ दगडाविटांनी उभे राहते. नांदते मात्र माणसांमुळे.