चिपने घाई का करावी?

अनंत चंद्रकासन 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्रोव्होस्ट, म्हणजे मुख्य शैक्षणिक अधिकारी, झाले. चेन्नईत जन्मलेल्या माणसाने गाठलेलं हे पद मोठंच, पण त्याहून मोलाचा आहे कमी विजेत चालणाऱ्या चिपांवरचा 1992 मधला एक शोधनिबंध. बर्कलीत पीएचडी करताना त्यांनी तो सॅम्युअल शेंग आणि मार्गदर्शक रॉबर्ट ब्रॉडर्सन यांच्यासोबत लिहिला. मोबाइल दिवसभर चालला की आपण बॅटरीची पाठ थोपटतो. खरं तर निम्मी शाबासकी चिपची रचना करणाऱ्यांना द्यायला हवी. चिपमधली प्रत्येक तार म्हणजे एक चिमुकली टाकी समजा. शून्याचा एक झाला की ती भरायची, एकाचा शून्य झाला की ओतून द्यायची. व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी. पातळी दुप्पट केली तर पाणी दुप्पट लागतं, शिवाय ते दुप्पट उंच चढवावं लागतं, खर्च चौपट. उलट व्होल्टेज निम्मं केलं की खर्च पाव! अडचण एकच, कमी व्होल्टेजवर चिप मंदावते. यावर तिघांचा तोडगा असा, की एका कामाला दोन सर्किटं लावा आणि दोघांनाही निम्म्या वेगाने चालू द्या. त्यांच्या उदाहरणात 5 व्होल्टऐवजी 2.9 व्होल्ट पुरले आणि वीज लागली मूळच्या 36 टक्के.

यासाठी सिलिकॉनची जागा मात्र 3.4 पट लागली, आणि ही उधळपट्टी नव्हे का, असं कोणीही विचारील. पण ट्रान्झिस्टर झपाट्याने स्वस्त होत होते, बॅटरी त्या वेगाने सुधारत नव्हती. स्वस्त ते सढळ हाताने वापरून महाग ते राखायचं, हा साधा संसारी हिशेब आहे. सगळीच कामं अशी वाटून देता येत नाहीत, हेही खरं. संदेशवहनातली बरीचशी येतात, कारण आवाज किंवा चित्र ठरल्या गतीनेच येत राहतं. पंगत एकला बसणार असेल तर अकरालाच भात शिजवून काय साधणार? सर्वांत अवघड आक्षेप गळतीचा. कमी व्होल्टेजवरही वेग टिकावा म्हणून ट्रान्झिस्टर सहज उघडणारे केले, तर ते बंद असतानाही वीज पाझरू लागते. 2005 च्या सुमारास दर नव्या चिपेगणिक होणारी व्होल्टेजची घसरण जवळजवळ थांबली, त्यामागे मुख्यतः हेच कारण होतं. पण यामुळे तिघांचा मुद्दा बळकटच होतो. नवी चिप आली की बचत आपोआप, ही जाहिरातबाजी तेव्हापासून फारशी खरी उरलेली नाही. बचत रचनेतूनच काढावी लागते. बर्कलीच्या गटाने 1994 मध्ये ती काढून दाखवली होती. बिनतारी मल्टिमीडिया टर्मिनलसाठी त्यांनी बनवलेला सहा चिपांचा संच 1.1 व्होल्टवर चाले आणि त्याला 5 मिलिवॉटहूनही कमी वीज लागे.