मान्यता कोणाच्या हातात?

डॉ. दत्ता सामंत यांच्या कारकिर्दीकडे आम्ही केवळ एका फसलेल्या संपाची कहाणी म्हणून पाहत नाही. घाटकोपरला दगडखाण कामगारांची दुखणी तपासता तपासता हे डॉक्टर त्यांचे पुढारी झाले आणि 1972 साली विधानसभेत पोहोचले. 18 जानेवारी 1982 पासून त्यांच्या हाकेवर मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम बंद केले. त्यांत आमचेही बाप-भाऊ होते.

प्रश्न केवळ पगारवाढीचा नव्हता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे! 1984 साली काँग्रेसच्या लाटेतही कामगारांनी डॉक्टरांना लोकसभेवर पाठवले. पण एकट्या खासदाराने कायदा बदलत नसतो. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत डॉक्टरांचा खून झाला.

बाबासाहेबांनी हे मर्म फार आधी ओळखले होते. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 साली काळ्या कामगार कायद्याविरुद्ध संप पुकारला. 1943 साली मजूरमंत्री या नात्याने त्यांनी युनियनला मान्यता देणे मालकांना बंधनकारक करणारे विधेयक मांडले.

मोर्चात एक होणारा आमचा समाज मतपेटीपाशी गटागटांत विखुरतो. मग उद्याचे कायदे कोण लिहिणार? बांधवांनो, याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.