लग्नाच्या कामासाठी दुसरी कॅमेरा बॉडी घेताना काय पाहावं?

शिरूर आणि दौंड तालुक्यात लग्नाच्या फोटोग्राफीवर घर चालवणारी आपली बरीच मुलं आहेत. त्यातल्या अनेकांकडे चांगला कॅमेरा एकच असतो. अडचण इथेच आहे. निकाहचा मुख्य भाग काही मिनिटांत उरकतो. काझीसाहेब खुतबा पढतात, दुल्हा कुबूल म्हणतो, निकाहनाम्यावर सह्या होतात, छुहारे वाटले जातात. नेमकं तेव्हा शटर अडकलं तर ‘परत एकदा म्हणा’ असं कोणाला सांगणार? शिरूरहून पुणे साधारण ७० किलोमीटर, दौंडहून त्याहून थोडं जास्त. त्या दिवशी दुरुस्ती होत नसते. म्हणून दुसरी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, पिशवीत हवाच.

पण दुसरी बॉडी म्हणजे स्वस्तात मिळेल ती, असा हिशेब चुकतो. पहिला नियम असा की, ती त्याच कंपनीची आणि त्याच माउंटची असावी. मुख्य कॅमेरा निकॉनचा आणि बॅकअप कॅननचा असेल तर लेन्स, फ्लॅश, ट्रिगर सगळं दुसरं लागतं. मग तो बॅकअप कसला?

त्यानंतर बॅटरी पाहा. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. निकॉन डी७५० आणि डी७२०० या दोघांना एकच एन-ईएल१५ बॅटरी चालते आणि दोघांतही दोन एसडी कार्डं बसतात. त्यामुळे डी७५० वापरणाऱ्याला जुना डी७२०० चांगली जोडी ठरतो. त्यानंतर आलेला डी७५०० नवा असला तरी त्यात कार्डाची जागा एकच आहे. ‘नवीन म्हणजे चांगला’ असं दुकानदार म्हणाला तरी हे लक्षात ठेवा. कॅननकडे ५डी मार्क ३ आणि ६डी यांची बॅटरी एकच, एलपी-ई६. मात्र ६डीत एकच कार्ड बसतं. १५००डी किंवा २००डी स्वस्त पडतात, पण त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि छोट्या. सोनीवाल्यांनीही सांभाळावं. ए७ मार्क ३ ची बॅटरी मोठी आणि कार्डं दोन, तर ए७ मार्क २ ची बॅटरी वेगळी आणि कार्ड एकच.

दोन कार्डांवर इतका जोर का? कारण फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिता येतात. एक कार्ड बिघडलं तरी लग्न हातातून जात नाही. लोकांच्या घरातले फोटो ही आपल्याकडे अमानत असते. मुख्य कॅमेरा एका कार्डाचा असेल, तर माझ्या मते दोन कार्डांची बॉडी घेऊन तिलाच मुख्य करा आणि जुनीला बॅकअपला ठेवा.

सेन्सरचा आकारही पाहावा लागतो. डी७२०० चा सेन्सर लहान असल्यामुळे त्यावर २४-७० ची लेन्स ३६-१०५ सारखी दिसते. मंगल कार्यालयात हे चालून जातं. पण घरातल्या छोट्या खोलीत, जिथे दुल्हनच्या भोवती वीस जणी बसलेल्या असतात, तिथे मागे सरकायला जागाच नसते. अशा वेळी सोबत एक रुंद लेन्स हवी.

बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको, असं अनेक घरांत सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. मग दुसरी बॉडी बहिणीच्या किंवा बायकोच्या हातात दिली जाते. कामही वाढतं. फक्त तेवढा वेळ तुमच्याकडे बॅकअप उरत नाही. निकाहच्या वेळी तरी ती बॉडी लेन्स लावून जवळ ठेवा, नाहीतर त्या दिवसापुरती तिसरी भाड्याने आणा.

भाड्याचा पर्याय वर्षाला आठ-दहा लग्नं करणाऱ्याला परवडतो. पण पुण्याला आणायला एक फेरी, परत द्यायला दुसरी. दौंडकरांना रेल्वे आहे, शिरूरला तीही नाही. शिवाय शव्वालमध्ये किंवा तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना भाड्याचा कॅमेरा मिळेलच असं नाही.

जुनी बॉडी घेत असाल तर रमजानचा महिना बरा. आपल्यात त्या वेळी लग्नं जवळजवळ नसतात, त्यामुळे निवांत तपासता येतं. शटर किती वेळा चाललंय ते पाहा. निकॉनच्या मूळ फोटोतच तो आकडा मिळतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलना मात्र कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने पाहावा लागतो. ६डी चं शटर कंपनीने एक लाखापर्यंत तपासलेलं आहे, ५डी मार्क ३ आणि डी७५० चं दीड लाखापर्यंत. त्यापुढे लगेच बंद पडतं असं नाही, पण भाव पाडून मागायला हरकत नाही. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. दोन्ही कार्डं घालून पाहा, फ्लॅश लावून पाहा. बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबरशी जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर माल चोरीचा असू शकतो, कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

पैशांचं म्हणाल तर व्याज टाळणाऱ्या घरांसाठी भिशीचा नंबर हा जुना मार्ग आहेच. दुकानातल्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यात रोखीची सूट जाते आणि प्रोसेसिंग फी लागते का, ते आधी विचारा. त्यात व्याजाचा भाग आहे की नाही याची शंका असेल तर आलिमांना विचारून घ्या.

लग्न ठरवणाऱ्या घरांनीही बयाना देण्याआधी फोटोग्राफरला एवढंच विचारावं: दुसरा कॅमेरा आहे का आणि फोटो दोन कार्डांवर जातात का?

आणि बॉडी आणल्यावर पहिलं काम म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांची तारीख-वेळ अगदी सारखी लावा. पाच मिनिटांचा फरक राहिला तरी अल्बम लावताना रुखसतीचे फोटो जेवणाच्या पंगतीत येऊन बसतात.