गावची शाळा सोडून लांबच्या हायस्कूलला जायचंय? ‘हद्द’ आडवी येत नाही, दाखलाही अडवता येत नाही

बीड : जून उजाडला की शेतकऱ्याच्या घरात दोन कामं एकदमच अंगावर येतात. एक बियाण्याची रांग आणि दुसरं पोराचा शाळेचा दाखला. बियाणं पैसे टाकले की मिळतं, दाखल्याचं तसं नसतं. ‘सर मीटिंगला गेलेत’, ‘शिक्का राहिलाय’, ‘सोमवारी या’ असं करत पंधरा-वीस दिवस जातात. तोवर पोरगं ना इकडच्या वर्गात ना तिकडच्या.

सातवी किंवा आठवीनंतर गावची शाळा सोडून तालुक्याच्या हायस्कूलला किंवा शेजारच्या मोठ्या गावातल्या जिल्हा परिषद प्रशालेत जायचं म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आपलं गाव त्या शाळेच्या हद्दीत येतं का? काही ठिकाणी शाळेतूनच सांगतात, ‘तुमच्या गावाला शाळा आहे, तिथंच घाला.’

हा हद्दीचा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे. राज्याच्या २०११ च्या शिक्षण हक्क नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर असं अंतर दिलेलं आहे. पण हे बंधन सरकारवर आहे. एवढ्या अंतरात मुलाला शाळा मिळाली पाहिजे, ही सरकारची जबाबदारी. मुलानं त्याच अंतरातल्या शाळेत बसावं, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. पोराला १५ किलोमीटरवरच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत घालायचं असेल आणि तिथं जागा असेल, तर ‘तुम्ही आमच्या गावचे नाहीत’ हे काही नकाराचं कारण होत नाही.

आठवीपर्यंतच्या मुलांसाठी कायदा सरळ आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचं कलम ५ खास शाळा बदलण्याबद्दलच आहे. कोणत्याही कारणानं मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावं लागत असेल तर तो त्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, आणि त्यानं उशीर केला तर त्याच्यावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश थांबवता येत नाही. फक्त विनाअनुदानित खासगी शाळा, नवोदय आणि केंद्रीय विद्यालयं यांच्यावर या कलमाखाली असा हक्क सांगता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा, मुलाखत घेणंही याच कायद्यानं बंद केलेलं आहे.

नववी-दहावीचं जरा वेगळं आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीला संपतो, पुढं माध्यमिक शाळा संहिता चालते. मात्र जून २०२१ मध्ये शालेय शिक्षण विभागानं दहावीपर्यंतच्या मुलांबाबत शाळांना सूचना दिलेल्या आहेत. दुसऱ्या शाळेतून सरकारी किंवा अनुदानित शाळेत आलेल्या मुलाकडं दाखला नाही, एवढ्यावरून त्याला परत पाठवू नये. कोरोनात फी थकल्यामुळं खासगी शाळांनी दाखले धरून ठेवले होते, त्यातून हे निघालं. तरीही दहावीत शाळा बदलणं शक्यतो टाळावं. बोर्डाचे फॉर्म शाळेच्या ऑनलाईन नोंदीवरून भरले जातात आणि ऐन वेळी नोंद एका शाळेत अन् पोरगं दुसऱ्या शाळेत, अशी तऱ्हा झाली तर धावपळ पालकाचीच होते. बदलायची तर नववीच्या सुरुवातीला बदललेली बरी.

आता शाळा दाखला का अडवतात? उघड कुणी बोलत नाही, पण कारण बहुतेक वेळा पट असतं. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं सहावीपासून पुढच्या २० पेक्षा कमी पटाच्या वर्गांना शिक्षक मिळणार का, हाच प्रश्न उभा राहिला आणि राज्यभर शिक्षक रस्त्यावर आले. वाडी-वस्तीवरच्या शाळेत तीन पोरं गेली तरी एक मास्तर अतिरिक्त ठरू शकतो. मास्तरांची ही भीती खोटी नाही. पोरं गेली की पद जातं, पद गेलं की उरलेल्या पोरांचे हाल होतात, मग तीही जातात. पण त्याची किंमत एकट्या पोरानं का मोजायची? पद वाचवण्याची लढाई दाखला अडवून लढता येत नाही.

कागदी दाखला हातात आला म्हणजे काम झालं असंही नाही. मुलाची नोंद सरल आणि यू-डायस प्लस या पोर्टलवर असते. नव्या शाळेनं ऑनलाईन मागणी टाकायची आणि जुन्या शाळेनं मुलाला आपल्याकडून सोडायचं, असं ते काम चालतं. खरी अडवणूक हल्ली इथंच होते. दाखला देतात, पण ऑनलाईन सोडत नाहीत, कारण पट ऑनलाईनच मोजला जातो. म्हणून दाखला घेतानाच मुलाचा पेन क्रमांक लिहून घ्यावा आणि महिन्याभरानं नव्या शाळेत जाऊन ‘नाव आपल्याकडं आलं का’ एवढं विचारावं. आलेलं नसेल तर केंद्रप्रमुखांना सांगावं.

दाखला घेण्याआधी आणखी एक करायचं, ते फार थोडे पालक करतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघायची. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात. एखादा काना-मात्रा चुकलेला असेल, जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ असेल, तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडं दुरुस्तीचा प्रस्ताव जातो. एकदा शाळा सोडली की हीच दुरुस्ती फार जिकिरीची होते आणि पुढं जात पडताळणीच्या वेळी त्या एका अक्षरापायी चपला झिजतात. शिवाय मूळ दाखला एकदाच मिळतो. नव्या शाळेत जमा करण्याआधी दोन-तीन झेरॉक्स काढून घराच्या पेटीत ठेवाव्यात.

शाळा बदलताना पैशाचाही हिशोब बघावा. आठवीत एनएमएमएस परीक्षेत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, पण शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित असेल तरच. चकचकीत विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ही शिष्यवृत्ती बंद. म्हणून नवी शाळा अनुदानित आहे का, हे आधी विचारावं, पाटीवर ते लिहिलेलं नसतं. एसटीचंही तसंच. मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत आहे, मुलांना सवलतीत मिळतो, पण त्या रस्त्यानं शाळेच्या वेळेला गाडी आहे का, हे नाव घालायच्या आधी स्टँडवर जाऊन विचारलेलं बरं. सकाळची गाडी असते, संध्याकाळची नसते, आणि चार महिन्यांत पोरगी घरी बसते.

तोंडी मागून दाखला मिळत नसेल तर तोंडी भांडू नये. साध्या कागदावर अर्ज लिहावा, कलम ५ चा उल्लेख करावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्यावा. पोच मागितली की निम्मी कामं तिथंच होतात. नाहीच झालं तर आठवीपर्यंतच्या मुलासाठी गटशिक्षणाधिकारी आणि नववी-दहावीसाठी जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडं लेखी तक्रार द्यावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली आलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. तेवढा काळ मुलाला घरी बसवायचं कारण नाही, तक्रार चालू असताना ते नव्या वर्गात बसू शकतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातली बिऱ्हाडं दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडं निघतात, तेव्हा वर्ष निम्म्यावर आलेलं असतं. तरी आठवीपर्यंतच्या मुलाला ‘आता मुदत संपली’ म्हणून कारखान्याजवळच्या शाळेनं नाकारता येत नाही. निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवून तिकडच्या वर्गात बसता येतं, आणि पट्टा पडल्यावर गावी आलं की पुन्हा आपल्याच शाळेत.