दहा डावांचा निवाडा

गेल्या दिवाळीत आमच्या बहिणीचे दोन मुलगे सुटीसाठी आमच्याकडे आले होते. दोघांच्या फोनमध्ये बुद्धिबळ खेळणाऱ्या निरनिराळ्या आज्ञावली. कोणती सरस, यावरून वाद पेटला व फोन समोरासमोर ठेवून झुंज लागली. एका यंत्राची चाल दुसऱ्याच्या पटावर हाताने करावयाची, असा क्रम चालला. दहा डावांनंतर गुण झाले ६ विरुद्ध ४. थोरल्याने जय पुकारला. धाकटा रडकुंडीस आला. निवाडा आमच्याकडे आला.

नाणे दहा वेळा उडवून सहा वेळा छापा पडला, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. खेळाडूंचे बळ मोजण्याची अर्पाड एलो यांची रीत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिच्या हिशेबाने २०० गुणांनी सरस असलेला खेळाडू १०० डावांत सुमारे ७५ गुण मिळवितो. अर्थात महत्त्व दोघांमधील अंतराला. एकट्या आकड्याला नव्हे.

स्वीडनमधील हौशी मंडळींनी १९८४ पासून बुद्धिबळाच्या संगणकांची अशी यादी ठेवली. यंत्रे शेजारी मांडून, हाताने चाली करीत, ४० चालींना २ तास या संथ गतीने त्यांनी डावांमागून डाव खेळविले. तरीही २००० च्या सुमारास साऱ्या यादीतून सरसकट १०० गुण वजा करावे लागले. यंत्रांचे आकडे माणसांच्या मापाशी जुळेनात. यंत्रांचा आपापसांतील क्रम मात्र ढळला नाही.

परिस्थिती समान नसेल तर मोठ्या विजयावरही शंका येते. डिसेंबर २०१७ मध्ये 'अल्फाझीरो'ने 'स्टॉकफिश'विरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले, एकही गमावला नाही. परंतु स्टॉकफिशची आवृत्ती जुनी, स्मृतीची जागा अपुरी आणि प्रत्येक चालीस ठरावीक एकच मिनिट, असे आक्षेप जाणकारांनी घेतले. पुढील वर्षी अधिक समतोल अटींवर झालेल्या १००० डावांचा निकाल प्रसिद्ध झाला: अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. विजय टिकला, आता त्यावर विश्वास ठेवण्यास आधारही मिळाला.

हे सांगत असतानाच आमचे लक्ष फोनकडे गेले. थोरल्याचा फोन नवा कोरा. धाकट्याच्या हाती त्याच भावाने टाकलेला जुना. तेवढ्याच वेळात नवे यंत्र कितीतरी अधिक चाली तपासणार! आम्ही दोन्ही आज्ञावली एकाच फोनवर घालावयास लावल्या. वेळ सारखा, आरंभीची प्रत्येक स्थिती दोनदा खेळावयाची, दुसऱ्यांदा पांढरी-काळी बदलून.

या वेळी दहा डाव ५-५ सुटले. "म्हणजे दोन्ही सारख्याच!" थोरला म्हणाला.

"दहा डावांत काय कळतं, दादा?" धाकट्याने वही पुढे ओढली आणि अकराव्या डावाचा आकडा मांडला.